डॅशबोर्डमधली रिकामी जागा

मोटारीत रेडिओ, टेप, स्पीकर, वाट दाखवणारा पडदा ही साधने बाहेरच्या कारागिराकडून बसवून घेण्याची पद्धत महाराष्ट्रात रुजली ती इथल्या मोटारउद्योगाच्या घडणीमुळे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला परदेशी सुट्या भागांपासून गाड्या जुळवायला सुरुवात केली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज व प्लिमथ, मग फियाट बाहेर पडू लागल्या. गिऱ्हाइकाच्या हाती येणारी गाडी चालण्यापुरती पूर्ण असे. गाणे ऐकायचे तर त्याची सोय बाजारात जाऊन करून घ्यावी लागे. डॅशबोर्डमधल्या त्या रिकाम्या जागेवर पुढे एका अख्ख्या व्यवसायाचे पोट भरले.

मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. शिकागोच्या गॅल्विन कंपनीने ‘मोटोरोला’ नावाचा मोटारीतला रेडिओ १९३० मध्ये आणला, तर जर्मनीच्या ब्लाउपुंक्टचा रेडिओ १९३२ मध्ये आला. तो काळ व्हॉल्व्हचा होता. व्हॉल्व्हला शंभर-दोनशे व्होल्ट लागत आणि गाडीच्या बॅटरीत असत सहा किंवा बारा. म्हणून आधी बॅटरीची वीज सेकंदाला शेकडो वेळा तोडजोड करणाऱ्या व्हायब्रेटरमधून सोडायची आणि मग ट्रान्सफॉर्मरने तिचा दाब चढवायचा, अशी दुहेरी कसरत करावी लागे. दुसरी अडचण इंजिनाची होती. प्रत्येक ठिणगीबरोबर स्पार्क प्लग स्वतःच एक छोटे प्रक्षेपण करतो आणि ती खरखर सरळ रेडिओत उतरते. डायनामोवर कंडेन्सर लावणे, प्लगच्या वायरीत रोधक घालणे, बोनेट आणि बॉडी यांच्यामध्ये अर्थिंगची पट्टी जोडणे हे उपाय तेव्हा शोधले गेले, आणि त्यांतले बरेचसे आजही तसेच वापरले जातात. घरच्या रेडिओप्रमाणे मोटारीतल्या रेडिओलाही सरकारी परवाना लागे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. ही परवाना-पद्धत ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली.

ट्रान्झिस्टरने यंत्र लहान केले आणि व्हायब्रेटर काढून टाकला. अमेरिकेत क्रायस्लरच्या गाड्यांत १९५५ मध्ये संपूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ आला. फिलिप्सने १९६३ मध्ये लहान कॅसेट बाजारात आणल्यावर मोटारीतले गाणे आकाशवाणीच्या वेळापत्रकातून सुटले. महाराष्ट्रात या बदलाचे खरे वाहन ठरली प्रीमियर पद्मिनी. फियाट ११०० च्या या भारतीय अवताराला १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळाले आणि नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत ती कुर्ल्यात तयार होत राहिली. साध्या पद्मिनीत टेप नसे. मुंबईत ऑपेरा हाउसच्या आसपास मोटारीच्या साजाची दुकाने होती आणि लॅमिंग्टन रोडवर सुटे इलेक्ट्रॉनिक भाग मिळत. पुण्यात अशा सुट्या भागांसाठी बुधवार पेठेतली तापकीर गल्ली ओळखीची होती. आयातीवर कडक निर्बंध असल्यामुळे परदेशी डेक बहुधा आखातातून परतणाऱ्यांच्या सामानातून किंवा चोरट्या मार्गाने येई. तो बिघडला की अधिकृत दुरुस्ती केंद्र नसे आणि सर्किटचा नकाशाही नसे. मीटर लावून, बोर्डावरची एकेक वाट हाताने शोधत, देशी भाग घालून तो चालता करणे ही त्या दुकानांतल्या कारागिरांची खरी विद्या होती. मोटारउद्योगाच्या इतिहासात कारखानदारांना पानेच्या पाने मिळतात. ही विद्या मात्र उस्तादाकडून पोऱ्याकडे तोंडीच गेली, आणि तिला अभियांत्रिकी म्हणून मान मिळाला नाही, हा त्या इतिहासावरचा मोठा अन्याय आहे.

मराठवाड्यात हा व्यवसाय उशिरा पोचला आणि वेगळ्या वाहनांवर वाढला. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. याच जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातले चुडावा हे गाव उदाहरणादाखल घ्या: ते पूर्णा–नांदेड लोहमार्गावरचे स्थानक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या रेल्वेने मनमाड ते सिकंदराबाद मीटरगेज मार्ग टाकला, त्याच मार्गावरचे. यंत्राच्या प्रवासाची ओळख अशा गावांना मोटारीच्या कितीतरी आधी रेल्वेने करून दिली. मोटार आली ती बहुतेक जीप, मालट्रक आणि ट्रॅक्टरच्या रूपात. गाडीला आवाज द्यायची हौस मात्र इथेही तेवढीच होती.

प्रवासी जीपला या भागात ‘काळी-पिवळी’ म्हणतात. या जीपमध्ये टेप ही चैन राहिली नाही, ती धंद्याची गरज झाली, कारण गाणे वाजणाऱ्या गाडीत माणसे आधी बसत. ट्रॅक्टरची गोष्ट तांत्रिकदृष्ट्या याहून कठीण होती. त्याला छत नाही, काचा नाहीत, स्प्रिंगांचा आधार नाही, आणि डिझेल इंजिनाचा दणका चालकाच्या पायापासून डोक्यापर्यंत जातो. टेप पत्र्याच्या किंवा प्लायवुडच्या पेटीत बंद करून मडगार्डवर बसवायचा, पेटीखाली रबर घालायचे, आणि स्पीकरचे तोंड चालकाकडे वळवायचे, असा उपाय कारागिरांनी बसवला. कॅसेटचे हेड धुळीने भरून येई आणि हादऱ्यांनी त्याचा कोन सरके, मग आवाज बसका येई. स्पिरिटचा बोळा फिरवून आणि बारीक स्क्रू पिळून तो पुन्हा मोकळा करावा लागे. ऊसवाहतुकीच्या हंगामात रात्ररात्र ट्रॅक्टर हाकणाऱ्याला जागे ठेवायचे काम हा टेप करी, हे त्याचे समर्थन म्हणून पुरेसे होते. सीडीचा लेझर ही धूळ आणि हे हादरे सहन करू शकत नव्हता. म्हणून ट्रॅक्टरवर सीडी फारशी रुजली नाही, आणि कॅसेटची जागा घेतली ती पेनड्राइव्ह व मेमरी कार्डने. त्यांत हलणारा भागच नाही.

आवाज वाढवणारे मोठे अ‍ॅम्प आले तेव्हा विजेचे गणित पुढे आले. बारा व्होल्टवर तीनशे वॉट खरोखर काढायचे तर पंचवीस अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो. गाडीचा मूळ अल्टरनेटर दिवे, बॅटरी आणि सेल्फ एवढाच विचार करून दिलेला असतो. मिरवणुकीत इंजिन मंद ठेवून तासन्‌तास गाणी वाजवली की बॅटरी उतरते आणि सेल्फ फिरत नाही. याहून गंभीर धोका वायरिंगचा आहे. बॅटरीपासून निघणाऱ्या जाड वायरीला बॅटरीजवळच फ्यूज हवा. तो अ‍ॅम्पजवळ लावला तर मधली सगळी वायर बिनसंरक्षित राहते, आणि ती कुठे पत्र्याला घासली तर गाडी पेटते. चांगला फिटर आणि वाईट फिटर यांतला फरक आवाजावरून कळत नाही, तो या एका फ्यूजच्या जागेवरून कळतो.

स्पोर्ट्‌स कारमध्ये हेच सगळे प्रश्न वेगळ्या रूपात उभे राहतात. शर्यतीच्या गाड्यांत वाट शोधण्याचे यंत्र गाण्याच्या आधी आले. लंडन–सिडनी मॅरेथॉन शर्यत डिसेंबर १९६८ च्या सुरुवातीला मुंबईत पोचली आणि गाड्या ‘चुसान’ जहाजावर चढवून ऑस्ट्रेलियाला नेल्या गेल्या. अशा शर्यतींत सहचालकासमोर ‘हाल्डा’ हे स्वीडिश अंतरमापक असे. ते स्पीडोमीटरच्या केबलवर चालत असल्याने टायरच्या मापाप्रमाणे त्यातली दातेरी चाके बदलावी लागत. छापील मार्गपत्रिकेत प्रत्येक वळणाचे अंतर दिलेले असे, आणि आकडा जुळला की वळायचे. उपग्रहाशिवाय चालणारी ही पद्धत मीटरांत बोलावे इतकी अचूक होती.

भारतीय बनावटीची दोन आसनी, उघड्या छताची सॅन स्टॉर्म १९९८ मध्ये गोव्यातल्या सॅन मोटर्सने आणली. मुंबईचे मोटार-रचनाकार दिलीप छाब्रिया यांच्या संस्थेने जुन्या-नव्या गाड्यांत पडदे, आरामखुर्च्या, ध्वनियंत्रणा बसवण्याचे काम नावारूपाला आणले होते. त्याच संस्थेची अवंती ही स्पोर्ट्‌स कार जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दिसली. सॅन स्टॉर्मची बॉडी फायबरची होती, आणि फिटरच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे. पत्र्याच्या गाडीत बॉडी स्वतःच अर्थ असते. दिव्याची किंवा टेपची एक वायर बॅटरीला आणि दुसरी जवळच्या नटाला जोडली की काम झाले. फायबरमधून वीज जात नाही, त्यामुळे प्रत्येक साधनाला अर्थाची स्वतंत्र वायर ओढावी लागते. पत्रा इंजिनाची खरखर अडवतो, फायबर अडवत नाही. रेडिओच्या एरियललाही खाली धातूचा आधार मिळत नाही, म्हणून तिथे वेगळी पट्टी द्यावी लागते. एक गोष्ट मात्र सोपी होते. उपग्रहाच्या लहरी फायबरमधून आरपार येतात, त्यामुळे जीपीएसचा एरियल बाहेर न दाखवता आत लपवता येतो. उघड्या छताच्या गाडीत वाऱ्याच्या आवाजावर मात करायला अ‍ॅम्प मोठा लागतो, पण डिकी लहान आणि वजनाला मर्यादा. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या या गाड्यांत गाडीचे ठिकाण कळवणारा, सतत जागा असलेला ट्रॅकर बॅटरी पिऊन टाकतो, तेव्हा मालक हमखास फिटरला बोलावतो.

नकाशाची अडचण भारतात यंत्राची कमी आणि कायद्याची जास्त होती. जपानमध्ये होंडाने १९८१ मध्ये जायरोस्कोपवर चालणारा मार्गदर्शक गाडीत बसवला, आणि माझदाने १९९० मध्ये उपग्रहावर चालणारा. अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतातली मुद्दाम घातलेली चूक मे २००० मध्ये काढली, तेव्हा सुमारे शंभर मीटरची अनिश्चितता दहा-वीस मीटरांवर आली. आयात केलेल्या भारी गाड्यांतल्या पडद्यांत मात्र त्या काळी भारताचा नकाशाच नसे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे सविस्तर नकाशे सीमा आणि किनाऱ्यापासून ८० किलोमीटरच्या पट्ट्यात निर्बंधित होते. म्हणजे महाराष्ट्रातली सर्वांत जास्त मोटारी असलेली मुंबई आणि सगळे कोकण बंद, आणि परभणीसारखा आतला जिल्हा खुला, अशी स्थिती होती. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराची वेगळी नकाशामाला मान्य केली आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय कंपन्यांना जवळजवळ पूर्ण मोकळीक दिली. तोपर्यंत खासगी कंपन्यांनी रस्तोरस्ती गाडी फिरवून स्वतःचे नकाशे केले होते. १९९५ मध्ये स्थापन झालेली मॅपमायइंडिया त्यांत अग्रभागी होती. मुंबईत २००७ मध्ये मेरू टॅक्सी आल्या आणि टॅक्सीत बसलेल्या सामान्य प्रवाशाने जीपीएसचा पडदा जवळून पाहिला.

इस्रोने नाविक या स्वदेशी मार्गदर्शन-प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला आणि एप्रिल २०१६ पर्यंत सात उपग्रह पाठवले. ते एल-५ आणि एस या पट्ट्यांत संकेत देतात, तर स्वस्त ग्राहकयंत्रे जगभर एल-१ वर चालतात. त्यामुळे नाविक सामान्य मोटारीत लगेच आले नाही. मे २०२३ मधल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून एल-१ चा संकेतही मिळू लागला.

या साधनांचे भारतीय नियम पुण्याशी जोडलेले आहेत. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या एआरएआय या संस्थेतून मोटारविषयक एआयएस मानके प्रसिद्ध होतात. एआयएस-१४० नुसार १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना स्थळदर्शक यंत्र आणि मदतीचे बटण आवश्यक झाले. रिक्षांना मात्र त्यातून सूट आहे. एआयएस-१४५ ने जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत मागे घेताना सूचना देणारे सेन्सर आणि वेग ८० व १२० किलोमीटरच्या पुढे गेल्यावर वाजणारी घंटी आणली. त्याआधी असे सेन्सर बाजारातून हौसेने बसवले जात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. गाडीची मूळ वैशिष्ट्ये बदलत नाहीत तोवर टेप किंवा पडदा बसवणे या कलमाखाली येत नाही.

कामाची पद्धत बदलली ती बॉशने १९८६ मध्ये जाहीर केलेल्या ‘कॅन’ या जोडणीमुळे. पूर्वी प्रत्येक बटणाची स्वतंत्र वायर असे. आता दोन वायरींवरून गाडीचे सगळे संगणक एकमेकांशी बोलतात, आणि मूळ डेक हा त्यांतलाच एक असतो. तो काढला तर स्टिअरिंगवरची बटणे, मागचा कॅमेरा, कधी एसीचे आकडेही जातात. १८० बाय ५० मिलीमीटरच्या ठरावीक खणात कोणताही डेक सरकवता येई, ते दिवस त्यामुळे गेले. नांदेड-परभणीच्या कार डेकोरच्या दुकानांत आज मिळणाऱ्या अँड्रॉइड पडद्याबरोबर त्या-त्या मॉडेलची चौकट, कपलर आणि कॅनचे संदेश उलगडणारी छोटी पेटी येते. वायर न कापता कपलरला कपलर जोडणे हे आता कौशल्याचे माप झाले आहे, कारण वायर कापली की कंपनीची वॉरंटी जाते. महागड्या स्पोर्ट्‌स कारमध्ये तर मूळ पडद्याला हात न लावता, त्याच्या स्पीकरच्या वायरीतून संकेत घेऊन, आवाजाचे संस्करण करणारा प्रोसेसर आणि अ‍ॅम्प मागे बसवतात, म्हणजे गाडी विकताना सगळे काढून ती मूळ स्थितीत देता येते.