रणजीतच्या घरातला शफी

१३ मार्च १९९६ ची रात्र आमच्या वयाच्या माणसांना बहुधा एकाच कारणासाठी आठवते. कोलकात्याचे ईडन गार्डन्स, विश्वचषकाची उपांत्य फेरी आणि श्रीलंकेच्या २५१ धावांचा पाठलाग. सचिन ६५ वर यष्टिचीत झाला आणि बघता बघता १ बाद ९८ वरून ८ बाद १२० अशी गत झाली. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या. सामना श्रीलंकेला बहाल झाला आणि विनोद कांबळी रडत रडत तंबूत परतला. आम्ही तेव्हा सात-आठ वर्षांचे होतो. बल्लारपूरला आमच्या चाळीत ज्यांच्याकडे मोठा टीव्ही होता त्यांच्या घरी सगळे जमले होते. तेलुगू होते, मराठी होते, आम्ही होतो. सामना संपल्यावर कोणी कोणाशी न बोलता आपापली चप्पल शोधून घरी गेले.

त्याच रात्री मुंबईत तोच सामना पाहत असताना एका नटाला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. वय अवघे पन्नास. दुसऱ्या दिवशी अब्बा म्हणाले, "अरे, अपना रणजीत गया." हा रणजीत कोण, ते आम्हाला तेव्हा कळले नाही. त्याचे खरे नाव शफी इनामदार होते, हे पुष्कळ वर्षांनी कळले.

इतक्या वर्षांनी त्याच्यावर लिहावेसे वाटले, त्याला एक छोटे निमित्त घडले. आमच्या उर्दू शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी सातवीतल्या एका मुलाने विनोदी नाटुकले लिहून आणले. बाप, आई, फुकटखाऊ मामा आणि घरमालक. लिहिले होते झकास. पण बापाचे नाव वर्मा, आईचे पूजा, मामाचे राजू. आम्ही विचारले, "बेटा, अपने घरों के नाम क्यों नहीं?" तो अगदी सहज म्हणाला, "सर, कॉमेडी में ऐसे नाम नहीं होते." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, दुःखही नव्हते. व्याकरणाचा नियम सांगावा तसे त्याने सांगितले. आम्हाला उत्तर सुचले नाही. त्या रात्री अब्बांचा रणजीत आठवला.

शफी इनामदार यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९४५ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीजवळच्या पांगारी गावचा. म्हणजे अस्सल कोकणी मुसलमान. आमच्या झाडीपट्टीपासून कोकण तसे फार लांब. आमचे तांदूळ आणि त्यांचे तांदूळ एवढेच काय ते साम्य. पण घरात एक बोली, गावात मराठी, शिक्षणात आणखी तिसरी भाषा, ही जी कसरत आम्ही चंद्रपूर-गडचिरोलीत करतो ती त्यांनाही चुकली नसणार. शिक्षण मुंबईत डोंगरी भागात आणि पुढे के. सी. कॉलेजात. पदवी विज्ञानाची, पण ओढा नाटकाचा. गुजराती, हिंदी, मराठी, इंग्रजी अशा चारही भाषांत त्यांनी एकांकिका केल्या आणि बसवल्या. गुजराती रंगभूमीचे प्रवीण जोशी आणि उर्दूच्या बंडखोर लेखिका इस्मत चुगताई यांच्या सहवासात ते घडले. इप्टाशीही त्यांचा संबंध होता. कॅमेऱ्यासमोर येण्याआधी त्यांच्या पाठीशी रंगमंचावरची अशी बरीच वर्षे होती.

आता १९८४ कडे येऊ. ७ जुलैला 'हम लोग' सुरू झाली आणि हिंदुस्थानात मालिका नावाची चीज घरोघर शिरली. त्याच वर्षी सरकारने गावोगावी छोटी प्रक्षेपण केंद्रे उभारण्याचा सपाटा लावला होता. त्याच वर्षी दर शुक्रवारी रात्री 'ये जो है जिंदगी' येऊ लागली. लेखन शरद जोशी यांचे. हे आपले शेतकरी नेते नव्हेत, उज्जैनचे हिंदी व्यंगकार. दिग्दर्शनात कुंदन शाह, मंजुल सिन्हा आणि रमण कुमार. शीर्षकगीत किशोरकुमार यांच्या आवाजात. गोष्ट म्हटली तर काहीच नाही. रणजीत आणि रेणू हे नवरा-बायको आणि त्यांच्या घरी मुक्काम ठोकून बसलेला रेणूचा बेकार भाऊ राजा. रेणू स्वरूप संपत, राजा राकेश बेदी. सतीश शाह दर आठवड्याला नवे सोंग घेऊन दारात उभे. आणि या सगळ्यांच्या मधोमध वैतागलेला, समजूतदार, पगारातच संसार भागवणारा रणजीत.

आजही लोक सतीश शाह यांची सोंगे आठवतात आणि ते रास्तच आहे. पण विनोदात सोंग घेणाऱ्याला समोर एक सरळ माणूस लागतो. तो सरळ माणूस ढासळला तर सोंग उघडे पडते. शफींचे काम हे होते. ते हसवायला धावत नसत. वर्तमानपत्र खाली करून एक क्षण बघत, आणि मग बोलत. हा बोलण्याआधीचा थांबा रंगमंचावरून आलेला होता. आमचे अब्बा कागद कारखान्यात पाळी करून येत आणि म्हणत, "ये आदमी हमारे जैसा थका हुआ है." यापेक्षा चांगली समीक्षा आम्ही कुठे वाचली नाही.

मुद्दा नावाचा आहे. शफींच्या आधीच्या पिढीत युसुफ खान दिलीपकुमार झाले आणि महजबीन बानो मीनाकुमारी झाल्या. त्या काळाची तशी रीत होती. आम्ही त्यांना दोष देत नाही. शफींनी नाव बदलले नाही. दर आठवड्याला श्रेयनामावलीत 'शफी इनामदार' ही अक्षरे येत आणि पाठोपाठ तोच माणूस रणजीत म्हणून घरात वावरे. कोणाला यात विसंगती दिसली नाही. नवरा कसा असतो, मेव्हण्याला कंटाळलेला गृहस्थ कसा दिसतो, हे देशाने दापोलीच्या एका मुसलमानाच्या चेहऱ्यावर पाहिले. आणि उलटही घडले. १९८६ च्या 'नुक्कड' मालिकेत हॉटेलवाला कादरभाई होता. ती भूमिका केली अवतार गिल यांनी. शफी रणजीत झाला, अवतार कादर झाला. तीनच वाहिन्यासुद्धा नसलेल्या त्या काळात ही अदलाबदल इतकी बिनबोभाट झाली की तिची नोंदही कुणी घेतली नाही.

पण खरे सांगायचे तर आमच्या विद्यार्थ्याचेही अगदीच चुकत नव्हते. शफींना घर मिळाले ते रणजीत म्हणून. कादरभाईला मिळाली ती गल्लीच्या कोपऱ्यावरची जागा. एखादा शफी आपल्याच नावाने घरमालक आहे, बायकोशी भांडतो आहे, मेव्हण्याला टाळतो आहे आणि देश पोट धरून हसतो आहे, असे चित्र छोट्या पडद्याने क्वचितच दाखवले. आमची घरे दाखवलीच तर शेरो-शायरीत, कव्वालीत, नाहीतर बातम्यांत. वैतागण्याचा, कंजूषपणाचा, विसराळूपणाचा साधा हक्क आमच्या पात्रांना फारसा मिळाला नाही. ज्याच्यावर प्रेमाने हसता येते तो माणूस परका राहत नाही. म्हणून हे छोटे दुःख आम्हाला मोठे वाटते.

स्वतःच्या धर्माची पात्रे शफींनी केली, ती मात्र जपून पाहण्यासारखी आहेत. १९८३ चा 'अर्धसत्य' आठवा. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन गोविंद निहलानींचे. ओम पुरींच्या अनंत वेलणकरचा वरिष्ठ सहकारी इन्स्पेक्टर हैदर अली म्हणजे शफी. हा ना देशभक्तीची भाषणे करतो, ना कव्वाली ऐकतो. खात्यात टिकायचे कसे, वरपर्यंत कोणाची ओळख लावायची, हे तो संतापलेल्या वेलणकरला मित्रत्वाने सांगतो. थोडा तडजोडवाला, पण वेळेला उभा राहणारा. अशी माणसे आमच्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत.

दुसरे पात्र जौक. १९८८ मध्ये गुलजारांची 'मिर्झा गालिब' दूरदर्शनवर आली. नसीरुद्दीन शाह गालिब, शफी शेख इब्राहीम जौक आणि सुधीर दळवी बहादूरशाह जफर. गंमत बघा, लाल किल्ल्यात बादशाहही मराठी मुलखातला आणि त्याचा उस्तादही मराठी मुलखातला! गालिबच्या गोष्टीत जौकला खलनायक करणे सोपे होते. शफींचा जौक दरबारी आहे, मानी आहे, जरा धास्तावलेलाही आहे, पण हलका नाही. वर्गात जौक शिकवताना आम्ही मुलांना सांगतो की हा साध्या शिपायाचा मुलगा होता, हुनराच्या बळावर बादशहाचा उस्ताद झाला. मग त्याला जागा गमावण्याची भीती वाटणारच. शफींच्या चेहऱ्यावर ती भीती दिसते.

त्यांच्या संसाराविषयी एकच गोष्ट सांगतो. त्यांच्या पत्नी म्हणजे भक्ती बर्वे, मराठी रंगभूमीची 'फुलराणी'. पु. ल. देशपांडे यांचे ते नाटक १९७५ चे. एका फुलवालीला शुद्ध बोलायला शिकवतात आणि मग ती ना इकडची राहते ना तिकडची, असा त्याचा विषय. बी.एड.ला असताना आम्हाला एका पाठानंतर कौतुकाने सांगण्यात आले होते, "तुम्ही मराठी किती छान बोलता!" सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते. पण जन्म बल्लारपूरचा, आजोबांची कबर बल्लारपूरची, तर मग आम्ही काय बोलायला हवे होते? त्या दिवशी आम्हाला फुलराणीचा राग नीट समजला. भक्तीताई १२ फेब्रुवारी २००१ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील अपघातात गेल्या.

शफींनी 'हम दोनो' हा एक चित्रपट दिग्दर्शित केला, ऋषी कपूर आणि नाना पाटेकर यांना घेऊन. तो १९९५ मध्ये आला. पुढल्याच वर्षी ती मार्चमधली रात्र आली.

आमच्या भागात, भामरागड-एटापल्लीकडच्या गावांत, टीव्ही पुष्कळ उशिरा पोहोचला. तिथे दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या नाट्यमंडळ्या येत आणि रात्रभर नाटक चाले. आजही चालते. या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीच्या मंडपात विनोदी नट आला की पहाटे तीनला पेंगलेले गाव जागे होते. हसताना शेजारी कोण बसला आहे, याची पंचाईत तिथे कोणी करत नाही. शफींचे दिवाणखान्यातले घर आणि हा मंडप आम्हाला एकाच जातीचे वाटतात.

त्या विद्यार्थ्याला आम्ही 'ये जो है जिंदगी'चा एक भाग मोबाईलवर दाखवला आणि आधी नामावली वाचायला लावली. तो म्हणाला, "ये शफी है तो इसको रणजीत क्यों बोल रहे?" आम्ही म्हटले, "वही तो." दोन दिवसांनी त्याने नवी वही आणली. बापाचे नाव करीमभाई, आईचे नसरीन. मामाचे राजूच ठेवले होते. मुस्लिम घरात राजू नावाचा मामा असतोच, असे त्याचे म्हणणे पडले आणि ते खरेही आहे. नाटुकले झाले. करीमभाईने वर्तमानपत्र खाली केले, एक क्षण मामाकडे पाहिले आणि संवाद विसरला. सभागृह त्यालाच हसले. पहिल्या रांगेत अब्बा बसले होते. तेही हसत होते.