पगार सरकारचा, छप्पर कुणाचे?

मुंबई इलाख्यात 1850 च्या दशकात एखाद्या गावाला सरकारी शाळा हवी असेल, तर जागा गावाने द्यायची आणि मास्तरच्या पगाराचा निम्मा भारही गावानेच उचलायचा, अशी पद्धत होती. सोलापूरसारख्या कोरडवाहू मुलखात ही अट जड होती. देवळाची ओवरी, चावडी, धर्मशाळा जे मिळेल ते शाळेचे घर होई. पुढच्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला, 1869 च्या कायद्याने तो पक्का झाला आणि त्यातला एक तृतीयांश शिक्षणासाठी राखला गेला. शिक्षणाला हक्काचा पैसा मिळाला तो असा, शेतकऱ्याच्या साऱ्यातून. मात्र त्या पैशावर पहिला हक्क पगाराचा राहिला. पगार दर महिन्याला द्यावाच लागतो, इमारत मात्र पुढच्या वर्षावर ढकलता येते, आणि तिच्यासाठी वर्गणीकडे बोटही दाखवता येते. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी लोकल फंडातला मोठा वाटा प्राथमिक शिक्षणाला मागितला आणि मोठ्या शहरांतल्या नगरपालिकांनी आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा खर्च स्वतः सोसावा असे सुचवले. ज्याच्याकडून कर घेतला त्याच्या मुलांपर्यंत तो पोचला का, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. सोलापूरच्या शाळा-इमारतींचा इतिहास याच प्रश्नाने तपासला पाहिजे.

सोलापूरची नगरपालिका 1852 ची. 1860 मध्ये रेल्वे आली, 1877 मध्ये जुनी गिरणी उभी राहिली, मागोमाग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या. 1901 च्या शिरगणतीत शहराची वस्ती 75,288 होती, वीस वर्षांत ती लाखापलीकडे गेली. तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर, कन्नड बोलणारे लिंगायत, उर्दू आणि मराठी बोलणारी कामगार कुटुंबे एकमेकांना खेटून राहू लागली. त्यामुळे चारशे मुलांसाठी एक शाळा पुरे, हा हिशेब इथे कधी लागू पडला नाही. माध्यमे चार, म्हणून खोल्याही अधिक लागत. शहराच्या नजरेत भरणाऱ्या शाळा उभ्या राहिल्या त्या मुख्यतः दानातून आणि समाजाच्या वर्गणीतून. हरिभाई देवकरण प्रशालेवर एका जैन व्यापारी घराण्याचे नाव आहे, कुचन प्रशालेमागे पद्मशाली समाजाची शिक्षण संस्था आहे. याच शहरात गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातींची तारेच्या कुंपणातली सेटलमेंटही होती. त्या कुंपणात शाळा होती, मुलांना ती सक्तीची होती आणि तिच्यासाठी कुणी वर्गणीची वाट पाहिली नाही. माणसांवर पहारा ठेवायचा म्हटल्यावर राज्यसत्तेला पैसा सापडला, हे विसरण्याजोगे नाही.

दानाने उभ्या राहिलेल्या शाळांमुळेच सोलापूर शिकले, मग त्या वाटेत खोट कसली, असे कुणी म्हणेल. त्या दात्यांचे ऋण खरेच आहे, त्यांच्या वर्गांतून कामगारांची पोरे पदवीपर्यंत गेली. पण दान जिथे पेढी, पंचायत आणि पुढारी असतात तिथे जन्मते. कालपरवा वसलेल्या वस्तीत यांतले काहीच नसते. शाळेची सर्वांत जास्त गरज असते ती नेमकी तिथे. दुसरा आक्षेप असा की शाळा भिंतींनी नव्हे, शिक्षकांनी घडते, आणि त्यासाठी माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे नाव घेतले जाते. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. मात्र 2009 मध्ये ते रुजू झाले तेव्हा शाळा गुरांचा गोठा आणि गोदाम यांच्यामधल्या मोडक्या जागेत होती, हेही त्याच कहाणीत आहे. असामान्य शिक्षकाने अडचणीवर मात केली म्हणून अडचण हा नियम ठरत नाही.

1992 च्या हद्दवाढीने हा जुना प्रश्न नव्या जागी उभा केला. बाळे, शेळगी, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी शहरात आली आणि महापालिकेचे क्षेत्र 33 चौरस किलोमीटरवरून 178 च्या वर गेले. हद्दवाढ भागातला रहिवासी घरपट्टीच्या बिलात शिक्षण कर भरतो. 1962 च्या कायद्याचा हा कर महापालिका गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. त्यातून आपल्या वस्तीत किती वर्गखोल्या झाल्या, हे त्याला बिलावरून कळण्याची सोय नाही. सर्व शिक्षा अभियानाने बांधकामावर 33 टक्क्यांची मर्यादा घातली, म्हणजे पुन्हा एक तृतीयांशच. 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शिक्षकामागे निदान एक खोली आणि सर्व ऋतूंत टिकणारी इमारत बंधनकारक केली, पण पैसा कुठल्या खात्यातून यायचा याचे स्थानिक उत्तर दिले नाही.

गिरण्या बुडाल्या, जकात गेली, मग महापालिकेने आणायचे कुठून, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. माझ्या मते त्याचे उत्तर वाढीतच आहे. बांधकाम परवानगीबरोबर विकास शुल्क घेण्याची तरतूद नगररचना कायद्यात आली ती 1992 मध्येच, हद्दवाढीच्याच वर्षी. त्या शुल्काचा ठरावीक वाटा शाळा-इमारतींच्या वेगळ्या खात्यात गेला, तर घरे आणि वर्ग एकाच वेगाने वाढतील. पटसंख्या घटते आहे, खोल्या रिकाम्या पडल्या आहेत, असेही सांगितले जाते. पण त्या खोल्या माणसे सोडून गेली त्या गावांत आहेत, माणसे गेली त्या वस्त्यांत नाहीत. दक्षिण सोलापुरातल्या कुंभारीजवळ 2006 मध्ये विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरे झाली, मग रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि त्यांतली पंधरा हजार जानेवारी 2024 मध्ये कामगारांच्या हाती आली. घरामागे एक मूल धरले तरी या पंधरा हजार घरांना चाळीस मुलांच्या पावणेचारशे खोल्या लागतात. हा आकडा घरांच्या आराखड्याबरोबर, त्याच कागदावर आणि त्याच अंदाजपत्रकात लिहिला गेला पाहिजे.