वॉरंटी संपली म्हणजे हक्क संपला?

मंडळी, 1974 साली आपल्या पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा भांडण होतं भेसळीचं आणि मापातल्या पापाचं. दाद मागायची तर दिवाणी कोर्ट. किलोभर साखरेसाठी तिथं कोण जाणार? 1986 मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि जिल्हा पातळीवर दाद मागायची सोय झाली.

आता लाखाचा टीव्ही तेराव्या महिन्यात बंद पडतो, आणि आपण वॉरंटी कार्ड बघून गप्प बसतो. वॉरंटी हा कंपनीने दिलेला शब्द. पण दोष मुळात बनावटीतलाच असेल, तर केवळ तो वॉरंटीनंतर दिसला म्हणून ग्राहकाचा दावा संपत नाही. वापराने झालेली झीज मात्र वेगळी. खरी अडचण हा फरक सिद्ध करण्याची. त्यासाठी तंत्रज्ञाचा लेखी अहवाल लागतो. आपण ‘पॅनल गेलाय’ एवढं तोंडी ऐकून घरी येतो! पुणेकर बिलं जपून ठेवतात म्हणे, ते इथं कामी येतं. 2019 च्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. मुदत, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.