पंचेचाळीस वर्षं उघडा राहिलेला बग

मागच्या रविवारी माळा आवरायला काढला आणि कोपऱ्यातून काचेचा एक भला मोठा बुधला निघाला. एकोणीस लिटरचा, म्हणजे अमेरिकन हिशोबात पाच गॅलन. बायको म्हणाली, "अरे, हा अजून ठेवायचाय का?" आता हिला काय सांगणार! या बुधल्यात मी आयुष्यातली पहिली बिअर केली होती. (आणि जवळजवळ सगळी मोरीत ओतली होती.)

तर मंडळी, आजचं पुराण त्या बुधल्याच्या निमित्तानं.

पोर्टलंडला ऑनसाइट होतो तेव्हाची गोष्ट. तोवर बिअर म्हणजे पिवळी, थंडगार, आणि सोबत चकली की मसाला शेंगदाणे एवढाच काय तो प्रश्न. टीममधला एक टेस्टर (खरोखरचा टेस्टर, क्यूएवाला) घरी बिअर करायचा. एका शनिवारी त्यानं मला स्वयंपाकघरात उभं केलं. वाटलं होतं काहीतरी मोठं केमिस्ट्रीचं काम असेल. बघतो तर सगळं आईच्या ओट्यावरचंच! नाचणीचं सत्त्व करताना नाचणीला मोड आणतात, तसे इथे सातूला मोड आणून वाळवतात, तो माल्ट. मोड आले की दाण्यात एन्झाइम तयार होतात. मग कोमट-गरम पाण्यात भिजवलं की ते पिठाची साखर करतात. ते गोड पाणी हॉप्स टाकून तासभर उकळायचं, कारण हॉप्सचा कडूपणा उकळल्याशिवाय नीट उतरत नाही. मग गार करायचं आणि यीस्ट घालायचं, म्हणजे विरजण लावायचं. विरजणाला दूध फार गरम चालत नाही हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. मला मात्र ते नेमकं त्या दिवशी आठवलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी माझ्या अपार्टमेंटमधे एकट्यानं घाट घातला. जुलै महिना, एसी नाही. बुधला खिडकीशी ठेवला. एअरलॉकमधून बुडबुडबुड आवाज येतोय आणि मी लेकराकडे बघावं तसा बघतोय. तीन आठवड्यांनी बाटली उघडली तर... केळं! चक्क पिकलेल्या केळ्याचा वास. आणि मागून थोडं लोणी.

टेस्टरसाहेबांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, खोली गरम होती, आणि तू घाई केलीस. मी चाट. हा माणूस बिअर पिऊन माझ्या खोलीचं तापमान सांगतोय! मग त्यानं समजावलं. यीस्ट उष्णतेत भराभर वाढलं की आयसोअमाइल अ‍ॅसिटेट जास्त बनतं, आणि पिकलेल्या केळ्याचा वास मुख्यतः त्याचाच. लोण्याचा वास डायअ‍ॅसिटिलचा. यीस्टला शेवटचे काही दिवस शांतपणे दिले असते तर त्यानं ते स्वतःच खाऊन टाकलं असतं. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बिअर कच्ची. उकडलेल्या मक्याचा आला तर बहुतेक उकळताना झाकण ठेवलंय. थोडक्यात, प्रत्येक वास म्हणजे स्टॅक ट्रेस. या रसायनांना आणि वासांना एक सामाईक भाषा असावी म्हणून मॉर्टन माइलगार्ड या संशोधकानं १९७० च्या दशकात चवींचं एक चक्रच तयार केलं, तेही त्यानं दाखवलं. बिअर 'टेस्ट' करायला मी तिथे शिकलो, चांगल्या बिअरवर नाही, माझ्याच बिघडलेल्या बिअरवर.

नंतर सहज त्याला विचारलं, तुमच्याकडे हे पूर्वापार चालत असेल ना? तो हसला. म्हणाला, माझा जन्म झाला तेव्हा हा गुन्हा होता.

इथून मी वाचायला लागलो.

अमेरिकेत १९२० साली दारूबंदी आली. ब्रुअरीज बंद पडल्या, काहींनी माल्टचा पाक डब्यात भरून विकायला सुरुवात केली. लेबलवर म्हणे पाव भाजायला. कोण एवढा पाव भाजत होतं देव जाणे! लोकांनी घरोघरी बिअर केली आणि ती बहुधा भयंकर असायची. डिसेंबर १९३३ मधे बंदी उठली. घरी वाइन करायला मुभा मिळाली, पण बिअर मात्र राहून गेली. टायपिस्टकडून शब्द सुटला अशी एक गोष्ट सांगतात. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. बिअरवरचा कर सरकारला हवा होता आणि घरच्या बिअरवर कर मिळत नाही. म्हणजे बग की फीचर, तुम्हीच ठरवा. :)

पण परिणाम बघा. १८७३ च्या सुमारास त्या देशात चार हजारांवर ब्रुअरीज होत्या. १९७० च्या दशकाच्या शेवटी शंभरसुद्धा उरल्या नव्हत्या, आणि त्यातल्या बहुतेक एकच गोष्ट करत होत्या, हलकी पिवळी लागर. दोन पिढ्यांनी दुसरी चवच घेतली नव्हती. जी चव माहीतच नाही ती दुकानात मागणार कशी?

गाठ सुटली ती समुद्रापलीकडून. ब्रिटनमधे घरी बिअर करायला परवाना लागायचा, तो १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी काढून टाकला. त्याच दशकात अमेरिकन नौदलाचा एक तंत्रज्ञ, जॅक मॅकॉलिफ, स्कॉटलंडमधे पाणबुड्यांच्या दुरुस्तीवर होता. तिथली एल त्याला आवडली आणि तो तिथेच घरी करायला शिकला. परत आल्यावर १९७६ मधे त्यानं कॅलिफोर्नियात सोनोमाला न्यू अल्बिअन ब्रुअरी काढली. पैसे नव्हते, म्हणून जुनं डेअरीचं सामान आणून, स्वतः वेल्डिंग करून! अँकर नावाची जुनी ब्रुअरी फ्रिट्झ मेटॅगनं १९६५ मधे वाचवली होती, तिचंही श्रेय आहेच. पण शून्यातून सुरुवात करणारा हा गडी.

न्यू अल्बिअन १९८२ मधे बंद पडली. एवढ्याशा ब्रुअरीत खर्च भागेना आणि वाढवायला कुणी पैसे देईना. मला ही गोष्ट वाचून खरंच वाईट वाटलं. कारण त्याच्याकडे येऊन बघून गेलेल्यांत केन ग्रॉसमन नावाचा एक तरुण होता. चिको गावात घरगुती बिअरच्या सामानाचं दुकान चालवायचा. त्यानंही डेअरीचंच भंगार जमवलं आणि १९८० मधे सिएरा नेवाडा सुरू केली. सुरुवातीच्या कितीतरी बॅचेस त्यानं सरळ ओतून दिल्या, कारण प्रत्येक वेळी चव सारखी येत नव्हती. (मोरीत ओतणाऱ्यांत मी एकटा नाही हे वाचून बरं वाटलं.) त्याच्या पेल एलला जो संत्र्या-पपनसाच्या सालीसारखा वास येतो तो कॅस्केड हॉप्सचा. हे वाण १९७२ मधे ओरेगनच्या कॉर्व्हॅलिसमधून प्रसिद्ध झालं, माझ्या अपार्टमेंटपासून जेमतेम दीड तासावर.

आणि मधल्या काळात तो सुटलेला शब्द कायद्यात आला. सिनेटर अ‍ॅलन क्रॅन्स्टन यांनी दुरुस्ती मांडली, अध्यक्ष कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ ला सही केली, आणि फेब्रुवारी १९७९ पासून घरी बिअर करणं करमुक्त झालं. एका प्रौढाला वर्षाला शंभर गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर दोनशे. विकायची मात्र नाही.

आता कुणी म्हणेल, लोक आधीही चोरून करतच होते की. ग्रॉसमनचं दुकान तर कायद्याच्या आधीचं. खरंय. पण चोरून केलेली बिअर परक्याला चाखवता येत नाही, आणि परक्यानं चाखल्याशिवाय केळं कळत नाही! स्वतःच्या कोडमधला बग स्वतःला दिसतो का कधी? चार्ली पपाझिअननं १९७८ मधे बोल्डरला होमब्रुअर्सची संघटना काढली, १९८४ मधे त्याचं पुस्तक आलं, १९८५ मधे चवीचे परीक्षक परीक्षा घेऊन नेमायची पद्धत सुरू झाली. त्यातून पुढे कित्येकांनी ब्रुअरीज काढल्या, आणि २०२३ पर्यंत त्यांची संख्या नऊ हजारांवर गेली. सगळीकडे उजेड पडला असंही नाही. मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी घरच्या बिअरला परवानगी दिली ती थेट २०१३ मधे. आणि ती अँकर, २०२३ मधे बंद पडली.

इकडे आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा. परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा, मग ते पाच गॅलन असो की पाच थेंब. २००९ मधे पुण्यात डूलाली सुरू झाली आणि ताजी बिअर प्यायला तरी मिळाली. एकदा एका मायक्रोब्रुअरीत मी ग्लास नाकाशी नेला आणि वेटरला म्हणालो, यात लोण्याचा वास येतोय. त्यानं नम्रपणे सांगितलं, "सर, नाही, आमच्याकडे बटर फक्त गार्लिक ब्रेडला."

बुधला टाकला नाही. हिनं धुऊन त्यात मनीप्लँट लावलाय. हॉलच्या खिडकीशी, बरोबर तसाच उन्हात.