शाळेचे वर्ष कोणी ठरविले?

मृगाचा पहिला पाऊस पडला की घरोघर एकच धांदल उडते. गेल्या वर्षीची छत्री उघडून पाहावयाची, गणवेशाची मुडप उसवून उंची वाढवावयाची, पुस्तकांना कव्हरे घालावयाची! जून म्हणजे शाळा, हे आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की, वर्ष जूनमध्येच का सुरू व्हावे, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त हा घरगुती वाटणारा प्रश्न भगिनींपुढे ठेवीत आहे.

आपल्या देशात हा विचार फार जुना आहे. वेदाध्ययनाचा आरंभ पावसाळ्यात होई. त्या विधीस उपाकर्म म्हणत. श्रावणी किंवा भाद्रपदी पौर्णिमेस आरंभ करून साडेचार महिने अध्ययन करावे, आणि पौषात अथवा माघ शुद्ध प्रतिपदेस उत्सर्जन करावे, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी व चतुर्दशी या तिथींना अनध्याय, म्हणजे सुटी. दसऱ्याला पाटीपूजन करण्याची चाल तर आपण अजूनही पाळतो. मात्र अध्ययनाच्या त्या जुन्या व्यवस्थेत बहुजनांना आणि स्त्रियांना स्थान नव्हते, हे विसरून चालणार नाही. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा वर्ष केव्हा सुरू व्हावे यापेक्षा, ते मुलींसाठी सुरू व्हावे की नाही, हाच वादाचा विषय होता!

इंग्रजी अमदानीत शाळा, परीक्षा व सुट्या इंग्रजी महिन्यांवर बसविल्या गेल्या. वैशाखाच्या उन्हात तापलेल्या पत्र्याखाली मुलांना बसविणे कठीण. म्हणून मे महिना सुटीचा, आणि पावसाबरोबर नवे वर्ष, अशी घडी आपल्याकडे रुळली. पण महाराष्ट्रातही ती सर्वत्र सारखी नाही. विदर्भ १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. राज्य एक झाले तरी ऊन एक झाले नाही. नागपूर-चंद्रपूरकडे जूनच्या मध्यापर्यंत अंगाची लाही होते. म्हणूनच २०२३ साली इतरत्र शाळा १५ जूनला उघडल्या, तर विदर्भात ३० जूनला.

काश्मीरची अडचण याच्या अगदी उलट, थंडीची. तेथे हिवाळ्यात मोठी सुटी असते आणि परीक्षा नोव्हेंबरात उरकण्याचा रिवाज होता. २०२२ साली ते वर्ष मार्चवर नेण्यात आले, आणि २०२४ साली नववीपर्यंतच्या वर्गांसाठी पुन्हा नोव्हेंबरवर आणले गेले. आपल्या शेजारच्या गोव्यात २०२५ साली सहावीपासूनच्या वर्गांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू झाले. उन्हाच्या काळजीने काही पालक उच्च न्यायालयापर्यंत गेले.

कॅलेंडर बदलणे म्हणजे भिंतीवरचा कागद बदलणे नव्हे. पश्चिम जर्मनीत शाळेचे वर्ष वसंतात सुरू होई. बव्हेरियात मात्र ते उन्हाळ्याच्या सुटीनंतर. सर्व प्रांतांनी उन्हाळ्यानंतरच आरंभ करावा, असे १९६४ साली ठरले. त्यासाठी पुष्कळ प्रांतांत १ एप्रिल १९६६ ते ३१ जुलै १९६७ या १६ महिन्यांत शाळेची दोन वर्षे बसविण्यात आली. मोठ्यांनी केलेल्या सोयीचे ओझे लहानांच्या दप्तरात पडले.

दिवस किती असावेत, यावरही विचार झाला आहे. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शाळांसाठी वर्षाला २३४ दिवस सुचविले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पाचवीपर्यंत किमान २०० आणि सहावी ते आठवीस २२० दिवस ठरविले. पण दिवसांची बेरीज जुळली म्हणजे मूल शाळेत बसले, असे थोडेच आहे? बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीची कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. शाळेचे वर्ष ऐन भरात असते तेव्हा त्यांचे मूल उसाच्या फडात असते. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, गावात मुले ठेवून घेण्यासाठी हंगामी वसतिगृहेही झाली. तरी धाकट्या भावंडाला सांभाळावयास बरोबर नेतात ती बहुधा थोरली मुलगीच. वर्षाचा आरंभ जूनमध्ये असो की एप्रिलमध्ये, तिची शाळा मध्येच सुटते.

तात्पर्य, एकच तारीख सर्वांना सारखी सोयीची नसते. हवामान, शेती, परीक्षा आणि घरातील कामे या सर्वांचा मेळ घालावा लागतो. आणि घरातील कामांची माहिती आपल्याइतकी कोणाला असणार? शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या सभासद स्त्रिया असावयास हव्यात. शाळा उघडण्याची तारीख ही समिती ठरवीत नाही हे खरे. परंतु कोणते मूल कोणत्या महिन्यात गैरहजर राहते आणि का, हे ती विचारू शकते. यंदा आपल्या भगिनींपैकी ज्या कोणी त्या समितीवर असतील, त्यांनी पहिल्याच सभेत हा प्रश्न विचारावा. उत्तर मिळाले की त्या मुलीच्या घरी जाणे, हे काम आपल्या मंडळाचे.