पांडुरोग आणि औषधदान

जैन परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. त्यांपैकी औषधदानाचा विचार करताना 'औषध कोणते?' या प्रश्नाइतकाच 'त्याचा खर्च कोणी सोसायचा?' हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. आयुर्वेदाने पांडुरोग या नावाने ज्याची लक्षणे वर्णिली, त्या रक्तक्षयाचा आधुनिक इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. त्याचे एक प्रकरण महाराष्ट्राच्या भूमीवरच घडले.

1926 मध्ये अमेरिकेतील मायनॉट आणि मर्फी यांनी रक्तक्षयाच्या एका प्राणघातक प्रकारावर यकृताच्या आहाराचा उपचार यशस्वी करून दाखविला. या कार्यासाठी 1934 मध्ये व्हिपल यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. परंतु यकृताचा अर्क महाग होता; गरिबाघरच्या रुग्णाला तो परवडण्याजोगा नव्हता.

1928 मध्ये ल्यूसी विल्स या इंग्रज संशोधिका मुंबईस आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गर्भवती स्त्रियांमधील तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास आरंभिला. कापड गिरण्यांतील श्रमिक स्त्रियांचा आहार आणि राहणी त्यांनी बारकाईने तपासली. या व्याधीचे मूळ जंतूंमध्ये नसून निकृष्ट आहारात आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. किण्वापासून म्हणजे यीस्टपासून बनविलेला मार्माइट हा स्वस्त अर्क देताच रुग्ण स्त्रिया सुधारू लागल्या. हे निष्कर्ष 1931 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे 1941 मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले आणि त्यास फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. गिरणीकामगार स्त्रियांच्या व्यथेतून अशा रीतीने अवघ्या जगाला स्वस्त औषध लाभले.

रक्तक्षयाचे सर्वांत सामान्य कारण मात्र लोहाची उणीव हेच होय. म्हणून 1970 मध्ये भारत सरकारने लोह व फॉलिक आम्ल यांच्या गोळ्या मोफत वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. 2011 मध्ये जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाद्वारे सरकारी रुग्णालयांत गर्भवतींना औषधे, तपासण्या व रक्त विनामूल्य देण्याची तरतूद झाली. 2018 मध्ये 'ॲनिमिया मुक्त भारत' अभियान आले. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार सर्वांसाठी निःशुल्क झाले.

तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. त्यापूर्वीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण 48 टक्के होते. गोळी मोफत झाली, परंतु आजार हटला नाही.

याचा उलगडा इंदापूर तालुक्यातील कळससारख्या गावाच्या दृष्टीने करता येतो. शेतमजूर स्त्रीला पुढील तपासणीसाठी बारामती वा इंदापूर गाठावयाचे झाल्यास प्रवासखर्च होतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. सरकारी दवाखान्यात न मिळालेले औषध वा इंजेक्शन बाहेरून विकत घेणे ओढवल्यास भार आणखी वाढतो. शिवाय रक्ताचे प्रमाण पूर्ववत झाल्यावरही शरीरातील लोहाचा साठा भरून येण्यासाठी गोळ्या सुमारे तीन महिने चालू ठेवाव्या लागतात. पोटात मळमळ झाली किंवा थोडे बरे वाटले की अनेकजणी त्या मध्येच सोडतात.

यास्तव धर्मादाय संस्थांच्या साहाय्याचे स्वरूपही बदलणे अगत्याचे आहे. एकदा गोळ्यांची पाकिटे वाटून कार्य संपत नाही. रक्ततपासणीचा व प्रवासाचा खर्च, बुडालेल्या मजुरीची भरपाई, बाहेरून घ्याव्या लागणाऱ्या औषधाचे मूल्य आणि उपचार पूर्ण होईतो घेतलेली विचारपूस, हे सर्व मिळून मदत पूर्ण होते. विल्स यांनी औषध शोधण्यापूर्वी रुग्ण स्त्री काय खाते आणि कशी राहते हे जाणून घेतले. दात्यानेही देण्यापूर्वी तिची नेमकी अडचण जाणून घेतली, तरच औषधदान खऱ्या अर्थाने सफल होईल.