प्रतिसरकार, आडवी बाटली आणि कर्करोग

1943 नंतर तत्कालीन सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा व सांगलीच्या मोठ्या भागात, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील, ब्रिटिश राजवटीला समांतर चालणाऱ्या प्रतिसरकारने न्यायदान मंडळांसोबत दारूबंदीचे कामही हाती घेतले. त्यामागे विचार होता तो कर्जात बुडालेल्या संसारांचा, रोगाचा नव्हे. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हे काम सरकारकडे गेले खरे, परंतु पुढे परवान्यांची वाट मोकळी झाली आणि मळीपासून, म्हणजे साखर काढल्यावर उरणाऱ्या दाट काळ्या द्रवापासून, मद्यार्क गाळणारे कारखाने याच ऊसपट्ट्यात उभे राहिले, ही विसंगती सहसा कोणी बोलून दाखवत नाही. अखेर गावातील दारूचे दुकान ठेवायचे की नाही हा निर्णय मतपत्रिकेवर आला: गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीच्या चित्रावर शिक्का मारला, तर दुकान बंद होते.

दरम्यान 1988 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या, गटात घातले, कारण शरीरात मद्यार्काचे अ‍ॅसिटाल्डिहाइड बनते आणि ते पेशींतील डीएनएला इजा करते. धोका प्रमाणानुसार वाढतो, म्हणून पिणे कमी करणेही उपयोगाचे ठरते. मात्र तंबाखूची जोड मिळाली की तोंड व घशाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षाही पुष्कळ वाढतो.